पाटीवरचा ‘मे’

निवृत्त न्यायाधीशसाहेब समोरच्या दुकानात शिरले, तेव्हा आप्पा एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत होते. स्क्रू नको तितका पिळला गेला आणि दांडी हातात आली. दांडीचं दुःख नव्हतं, दांड्या मोडतातच. पण न्यायाधीशसाहेब म्हणजे वडिलोपार्जित गिऱ्हाईक. साहेब नवशिके वकील होते तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांचे नंबर आधी आप्पांच्या वडिलांनी आणि मग आप्पांनी काढले होते. साहेबांनी जन्मभर ज्या भिंगांतून न्याय दिला ती भिंगं या दुकानातली, तेव्हा गावाच्या न्यायदानात आपलाही खारीचा वाटा आहे, असं आप्पा मनापासून मानत. आणि आज तेच साहेब भर दिवसा, आधी उजवीकडे बघून, मग डावीकडे बघून, आणि आप्पांच्या दुकानाकडे अजिबात न बघता, रस्ता ओलांडून समोरच्याकडे गेले.

समोरच्याला नाव असणारच. आईबापांनी ठेवलं असेल, दुकानावरही लिहिलेलं होतं. पण आप्पांनी ते कधी तोंडाला लागू दिलं नाही. त्याने चष्म्यांचं ते काचेच्या दाराचं दुकान उघडलं त्या दिवसापासून तो नुसता ‘समोरचा’. तरणा, उंच, अंगात पांढरा कोट. त्याच्या दुकानाचं दार ढकललं की आवाज न करता उघडायचं. आप्पांचं दार उघडताना किंचाळायचं आणि बंद होताना कण्हायचं. पूर्वी आप्पांना त्याचं कौतुक होतं. माणूस आल्याचं कळतं, असं ते म्हणत. अलीकडे मात्र त्यांना संशय येऊ लागला होता की दार रस्त्यावरच्या लोकांना आपल्याविषयी काहीतरी सांगतं.

आप्पा जळतात, असं बाजारात बोललं जाई. आप्पांना हा शब्द मान्य नव्हता. त्यांच्या मते ते बाजाराचा अभ्यास करत होते. समोर गिऱ्हाईक किती वेळ बसलं, बसल्यावर हसलं का, बाहेर पडताना हातात पिशवी होती का, आणि असल्यास ती भरलेली होती का, हा अभ्यास दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चाले. आप्पांची बायको म्हणायची, एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर डोळ्यांचे डॉक्टर झाला असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेल्या साहेबांना आप्पांनी बागेच्या फाटकातच गाठलं आणि काही चुकलंमाकलं का, असं फार खालच्या पट्टीत विचारलं. साहेबांनी सवयीप्रमाणे आधी दोन्ही बाजू मांडल्या. आप्पांच्या कामात खोट नाही. पण आप्पांच्या खुर्चीत बसलं की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. “तुम्ही म्हणता, वाचा. पुढची ओळ वाचा. ही नाही दिसत? आणि तो मुलगा म्हणतो, कुड यू रीड द नेक्स्ट लाइन फॉर मी, प्लीज. जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारले आप्पा, पण मला असं कोणी विचारलं नव्हतं.”

साहेबांच्या या निकालात दोन गोष्टी होत्या, एक विचारण्याची आणि एक इंग्रजीची. पोटात दुखणाऱ्या माणसाला दोन गोष्टी दिसल्या की तो हमखास चुकीची उचलतो. आप्पांनी इंग्रजी उचललं.

शेजारच्या औषधवाल्याचा या विषयात अधिकार मोठा होता. ज्याला डॉक्टरांचं अक्षर लागतं, त्या माणसाला इंग्रजी येतच असणार, असा साधा हिशेब. त्याने सांगितलं की इंग्रजीतली सगळी सभ्यता पहिल्या शब्दात असते. कुड, वुड, मे, शॅल, यातला एखादा शब्द पुढे लावायचा आणि मागे वाटेल ते बोलायचं. कोणाला राग येत नाही. तिकडे नोकरीवरून काढतानासुद्धा ‘वुड यू’ म्हणूनच काढतात.

पण नेमका कुठला शब्द कुठे लावायचा, हे औषधवाल्यालाही सांगता येईना. म्हणून त्याच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहणाऱ्या मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तरांनी उभी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून ते शिकणारा माणूस शोधत होते. चहाचं निमित्त झालं आणि आप्पांच्या काउंटरवर शाळा भरली. मास्तरांनी सांगितलं की हे शब्द म्हणजे साहाय्यक क्रियापदं. विधानात ती कर्त्याच्या मागे गुमान उभी राहतात. प्रश्न आला की पुढे येऊन दार उघडतात. कॅन म्हणजे ताकद, मे म्हणजे परवानगी, शुड म्हणजे कर्तव्य, मस्ट म्हणजे सक्ती. आप्पा मान डोलावत होते. मान डोलावताना माणूस ऐकत असतोच असं नाही. त्यांचं अर्धं लक्ष समोर होतं, कारण तिथे आत्ताच एक आजोबा, आजी आणि नात अशी एकदम तीन गिऱ्हाइकं शिरली होती.

त्यामुळे धड्यातलं थोडं पोचलं आणि थोडं रस्त्यात सांडलं. उदाहरणार्थ, मस्ट हा शब्द आप्पांच्या कानांना मस्त वाटला. त्यात काहीतरी ऐसपैस, पाहुण्याला लोड-तक्क्यावर बसवणारं आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून बँकेच्या मॅनेजरबाई आल्या तेव्हा आप्पांनी खुर्ची पुसली, कमरेत वाकले आणि म्हणाले, “मस्ट यू सिट?” बाई अर्ध्या बसल्या होत्या. बसलंच पाहिजे का, असं आजवर त्यांना त्यांच्या वरिष्ठांनीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. उभ्या बाईचे डोळे तपासायचे म्हणून आप्पा स्टुलावर चढले. नंबर निघाला, पण चष्मा करायला बाई परत आल्या नाहीत.

मग एक प्राध्यापक आले. जाडजूड ग्रंथांचे लेखक. आप्पांनी त्यांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून आदबीने विचारलं, “सर, कॅन यू रीड?” प्राध्यापकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, “हो, थोडंफार येतं वाचता,” म्हणाले आणि टोपी उचलून निघाले. एका म्हाताऱ्या बाईंना आप्पांनी ‘मे यू सी’ असं विचारलं आणि दिसो तुम्हाला, एवढंच काय ते त्यांच्यापर्यंत पोचलं. त्यांचा मुलगा परदेशी असल्याने असली वाक्यं त्यांना शुभेच्छापत्रांतून माहीत होती. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणाल्या आणि आशीर्वादाने काम भागल्यासारख्या घरी गेल्या.

ही सगळी माणसं थोड्या वेळाने समोर दिसायची. समोरचा त्यांच्याशी हसून बोलायचा आणि बोलता बोलता कोणीतरी एकदा वळून आप्पांच्या दुकानाकडे बघायचं. आप्पांना ते हसणं ऐकू यायचं नाही, काचेचं दार चांगलं होतं. म्हणून ते स्वतःच्या मनाने त्यात आवाज भरायचे, आणि मनाने भरलेला आवाज नेहमीच खऱ्याहून मोठा असतो.

औषधवाल्याने मग दुसरा उपाय सुचवला. तोंड घसरतं, पाटी घसरत नाही. एकच प्रश्न, मास्तरांकडून पारखून घेतलेला, दुकानावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकायचा. मग तोंड उघडायचंच कशाला? मास्तरांनी एक अख्खी दुपार विचार करून वाक्य दिलं: ‘मे वी हेल्प यू सी?’ म्हणजे, आपल्याला दिसावं म्हणून आम्ही मदत करू का? आप्पांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते बायकोला, औषधवाल्याला आणि दूधवाल्याला म्हणून दाखवलं. समोरच्याच्या पाटीवर नुसतं नाव होतं. कोणाला काही विचारलेलं नव्हतं. या एका बाबतीत तो मागे पडणार होता, या विचाराने आप्पांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

नवी पाटी लावायची तर नगरपालिकेची परवानगी लागते. पाट्यांच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज बघितला आणि ‘मे’वर बोट ठेवून विचारलं, फक्त मे महिन्यापुरतीच का? हंगामी पाट्यांची खिडकी वरच्या मजल्यावर होती. आप्पा वर गेले. वरच्यांनी विचारलं, मे कधीपासून कधीपर्यंत, आणि जूनमध्ये पाटी उतरवण्याची हमी कोण देणार? आप्पा खाली आले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना घेऊन गेले. मास्तरांनी खिडकीत डोकं घालून कारकुनाला साहाय्यक क्रियापदं समजावून सांगितली, आणि जाता जाता, एवढं न येणाऱ्या माणसाला या खिडकीत बसवलं कोणी, असंही विचारलं. व्याकरणाच्या दृष्टीने हा प्रश्न बिनचूक होता. कारकुनाने अर्ज शांतपणे घडी घालून आतल्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि आतल्या साहेबांचं टेबल म्हणजे कागदांची समाधी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बऱ्याच खेपांनंतर आतल्या साहेबांनी आप्पांना एकट्याला बोलावलं. हरकत इंग्रजीला नव्हती, प्रश्नचिन्हाला होती. दुकानाच्या पाटीने धंदा काय ते सांगावं, असा नियम. पाटीने सांगायचं असतं, विचारायचं नसतं. उद्या रस्त्यावरच्या कोणी ‘नको’ म्हटलं तर काय, आणि ते कोणी नोंदवून घ्यायचं? पण साहेब मनाने चांगले होते, आणि आपल्यालाही इंग्रजी येतं हे दाखवायची संधी त्यांना रोज मिळत नव्हती. त्यांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह खोडलं, एक शब्द इकडचा तिकडे केला आणि शिक्का मारला: ‘वी मे हेल्प यू सी’.

आप्पा खूश झाले. शब्द तेच होते, फक्त घरातलं कपाट सरकवावं तसे सरकले होते. मास्तर त्या दिवसांत आपल्या अपमानाबद्दल नगराध्यक्षांना पत्र लिहिण्यात गुंतले होते, म्हणून त्यांना त्रास दिला नाही. रंगाऱ्याने ठळक निळ्या अक्षरांत पाटी रंगवली आणि ती दुकानाच्या कपाळावर बसली.

मास्तर खाली उतरले, पाटी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचली.

“आप्पा,” ते म्हणाले, “मे मागे गेला.”

गेला तर गेला, आप्पांना त्यात काही वावगं वाटेना. मास्तरांनी जड मनाने समजावलं. पुढे होता तेव्हा तो परवानगी मागत होता. मागे गेला आणि शंका काढायला लागला. आता पाटीचा अर्थ असा: आम्ही कदाचित तुम्हाला दिसायला मदत करू.

“जमलं तर,” औषधवाल्याने भर घातली.

पाटी बदलायची तर आधीची परवानगी रद्द करायला हवी, आणि त्यासाठी कारण द्यायला हवं. कारण एकच होतं, ते म्हणजे आतल्या साहेबांनी सुधारलेलं इंग्रजी चुकलं. असा अर्ज घेणारी खिडकी त्या इमारतीत कुठल्याच मजल्यावर नव्हती. पाटी राहिली. कॉलेजची मुलं खाली उभी राहून फोटो काढू लागली. एक गृहस्थ आत येऊन, कदाचित म्हणजे साधारण किती टक्के, असं गंभीरपणे विचारून गेले. आणि मग सगळे रस्ता ओलांडायचे. हात दाखवून अवलक्षण ते हेच, आणि तेसुद्धा रंगाऱ्याकडून ठळक करून घेतलेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी आप्पांनी सहन केलं असतं. पण एका दुपारी औषधवाला सहज बोलून गेला की वहिनींना ती निळी फ्रेम फार शोभते.

“कुठली निळी फ्रेम?” आप्पांनी विचारलं.

औषधवाल्याला तेवढ्यात गोळ्या मोजायचं आठवलं आणि तो आत गेला.

दुकानाच्या मागेच आप्पांचं घर, मध्ये एक पडदा. आप्पांनी पडदा सारला. बायको भाजी चिरत बसली होती. नाकावर बारीक निळ्या काडीची फ्रेम. आप्पांच्या दुकानातली प्रत्येक फ्रेम त्यांना पोटच्या पोरासारखी माहीत होती, आणि ही त्यांच्यातली नव्हती. कधीपासून आहे म्हणून विचारलं, तर बरेच दिवस झाले, असं उत्तर आलं. कुठून आणली म्हणून विचारलं, तर तिने सुरीचं टोक रस्त्याच्या दिशेने केलं.

“घरात दुकान असताना?”

“घरात दुकान होतं म्हणून तर इतके दिवस थांबले.” तिने भाजीवरची नजर काढली नाही. “तुमच्या खुर्चीत बसले होते मी. तुम्ही म्हणालात, एवढंसुद्धा दिसत नाही? मी म्हटलं, दिसतं. आणि उठले.”

“आणि तो काय म्हणाला?”

“दिसतंय का, म्हणाला.”

“इंग्रजीत?”

“मला कुठे येतं इंग्रजी?”

आप्पा पडद्यापाशीच उभे राहिले. गिऱ्हाईक नेलं, न्यायाधीश नेले, ते एक वेळ धंदा म्हणून सोडता येतं. पण बायकोच्या नाकावर समोरच्याची फ्रेम, आणि ती बरेच दिवस त्याच ताटाशी, त्याच दिव्याखाली, आणि चष्म्यांचा धंदा करणाऱ्या नवऱ्याला पत्ता नाही. आप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी बायकोला दुकानावर बसायला सांगितलं, विचारलं नाही, सांगितलं, आणि शत्रूचे प्रश्न शत्रूच्याच तोंडून ऐकायचे असं ठरवून तरातरा रस्ता ओलांडला.

दार आवाज न करता उघडलं. समोरचा उठून उभा राहिला आणि “या आप्पा” म्हणाला. त्याला आपलं नाव माहीत आहे आणि तो ते वापरतो, याचाही आप्पांना राग आला. आपले डोळे तपासायचे आहेत, असं त्यांनी रस्ता ओलांडताना जुळवलेल्या इंग्रजीत सांगितलं. खुर्ची इतकी मऊ होती की तिच्यात बसून राग धरून ठेवणं कठीण जात होतं.

“वुड यू माइंड टेकिंग ऑफ युअर ग्लासेस?” समोरच्याने विचारलं. चष्मा काढायला आपली काही हरकत आहे का?

एवढ्या सभ्य प्रश्नाला नाही म्हणणं आप्पांच्या रक्तात नव्हतं. “यस,” ते म्हणाले.

समोरचा थांबला. त्याने पुन्हा, आणखी मऊ आवाजात, तेच विचारलं.

“यस, यस,” आप्पा म्हणाले. “व्हेरी मच.”

फार हरकत आहे म्हणणाऱ्या माणसाच्या नाकावरचा चष्मा काढायचा कसा? समोरचा हात मागे बांधून उभा राहिला. आप्पा चष्मा काढला जायची वाट बघत बसले. दोघेही इतक्या सभ्यपणे अडकले होते की संध्याकाळ झाली असती तरी कोणी हललं नसतं. शेवटी समोरच्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “आप्पा, चष्मा काढता का जरा?”

आप्पांनी काढला. समोर उजळलेल्या काचेवर अक्षरांचा तक्ता होता, अक्षरं तीच, आप्पांच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून टांगलेल्या तक्त्यावरची. आप्पांनी डावा डोळा झाकला आणि वरच्या अक्षरापासून तळाच्या, इथे नसलेल्या, छापखान्याच्या नावापर्यंत एका दमात सगळं म्हणून दाखवलं. समोरच्याने एक बटण दाबलं आणि तक्त्यावरची अक्षरं बदलली.

वरचं अक्षर दिसलं. त्याखालचं जरा अंदाजाने दिसलं. त्याखाली मुंग्या होत्या. आप्पा दरवर्षी स्वतःचे डोळे तपासत आणि दरवर्षी त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळत; पेपर पाठ असलेल्या विद्यार्थ्याला मिळावेत तसे.

“दिसतंय का?” समोरच्याने विचारलं.

आप्पा म्हणाले, उजेड कमी आहे. त्याने उजेड वाढवला. आप्पा म्हणाले, काच मळली आहे. त्याने काच पुसली. मग त्याने तपासणीची जड, गोल फ्रेम आप्पांच्या नाकावर बसवली आणि तिच्यात एकामागून एक भिंगं घालू लागला. तक्त्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून आप्पांनी मान वळवून दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं.

एक भिंग खटकन बसलं आणि रस्त्यापलीकडचं दुकान जवळ आल्यासारखं दिसलं. त्यात बायको होती. आणि आप्पा दुकानात नाहीत हे बघून आत वळलेली गर्दी होती. खुर्चीत बँकेच्या मॅनेजरबाई होत्या, बसलेल्या. मागे प्राध्यापक होते. आणखी दोघंजण हातात तयार वाचायचे चष्मे धरून उभे होते. बायको वाकून बाईंना काहीतरी विचारत होती आणि बाई हसत होत्या. हसणं ऐकू येत नव्हतं. इतके महिने समोरच्या दुकानाकडे बघून पोटात जे दुखायचं, तेच आता आप्पांच्या पोटात स्वतःच्या दुकानाकडे बघून दुखायला लागलं. ते ताडकन उठले आणि तपासणीच्या फ्रेमसकट रस्त्यावर आले. एका सायकलवाल्याने त्या गोल भिंगांमागचे प्रचंड डोळे पाहून ब्रेक दाबला. मागून समोरचा, आपली फ्रेम जाते आहे म्हणून, पांढऱ्या कोटात धावत आला.

दार किंचाळलं. सगळे वळले. तू यांना विचारतेस तरी काय, एवढंच आप्पांना विचारायचं होतं, पण दम लागला होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं, दारातल्या समोरच्याकडे पाहिलं. मग मॅनेजरबाईंच्या हातातला आजचा पेपर घेऊन तिने तो नवऱ्यापुढे धरला.

“वाचता का जरा?”

आजचा पेपर कोणाला पाठ नसतो. आप्पांनी पाहिलं. मथळा होता. मथळ्याखाली मुंग्या होत्या.

“दिसतंय का?” तिने विचारलं.

दुकानात सगळे वाट बघत होते, आणि कोणाला घाई नव्हती.

“नाही,” आप्पा म्हणाले.

कोणी हसलं नाही. मॅनेजरबाईंनी उठून खुर्ची दिली. समोरच्याने पुढे होऊन भिंग बदललं, बायकोने पेपर थोडा जवळ आणला, आणि बाजारभावाचा अख्खा रकाना आप्पांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला, कोणी विचारलं नसताना.

समोरचा मात्र बाजारभाव ऐकत नव्हता. तो आप्पांच्या बायकोकडे, मग प्राध्यापकांच्या हातातल्या चष्म्याकडे, मग पुन्हा बायकोकडे बघत होता. त्या बघण्याची आप्पांना ओळख पटली. अशी नजर त्यांनी रोज सकाळी आरशात दाढी करताना पाहिली होती, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती बघताना त्यांना फार सुख होत होतं.

“आप्पा,” समोरचा म्हणाला, “मे आय आस्क काकू टु वर्क इन माय शॉप?” काकूंना माझ्या दुकानात काम कराल का असं विचारू का?

आप्पा खुर्चीत ताठ बसले. मास्तरांचा तो अख्खा धडा, रस्त्यात सांडलेल्या भागासकट, एका क्षणात गोळा होऊन जिभेवर आला.

“यू मे नॉट,” ते म्हणाले.

परवानगीचा प्रश्न, परवानगीचंच उत्तर, शब्द जागच्या जागी. आप्पांचं इंग्रजी आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक निघालं होतं. त्यांनी कौतुकासाठी इकडेतिकडे पाहिलं.

“काय विचारलं त्याने?” बायकोने विचारलं.

आप्पांनी सांगितलं.

“मग ते मला विचारायचं, का तुम्हाला?”

समोरच्याने मान खाली घातली आणि काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, बघते. सांगते दोन दिवसांत. आणि त्या मॅनेजरबाईंच्या चष्म्याची दांडी सरळ करायला बसल्या. ते दोन दिवस आप्पांनी पाटीकडे पाहिलं नाही, समोर पाहिलं नाही, फक्त पडद्याकडे पाहिलं. बायको भाजी आणायला गेली तरी कुठल्या दुकानात गेली ते ते दारातून मान काढून बघत. दुसऱ्या संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली, तेव्हा ते पडद्यापाशी गेले, एकदा परत आले, आणि पुन्हा गेले.

“उद्यापासून आपल्या दुकानात बसतेस का?” ते म्हणाले.

तिने निळ्या फ्रेमवरून वर पाहिलं.

“सांगताय, का विचारताय?”

“विचारतोय.”

“मग बसते,” ती म्हणाली.